बिरवाडीचा लाल विंचू आणि मूत्रपिंडावरची टोपी

१/
१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ सालचे. बावस्कर मूळचे मराठवाड्यातील देहेड गावचे, शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले. कोकणात आल्यावर त्यांच्यासमोर असा एक आजार उभा राहिला, ज्याचे समाधानकारक उत्तर हाताशी असलेल्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. तो आजार म्हणजे लाल विंचवाचा दंश.

२/
भाताचे भारे उचलताना, सरपणात हात घालताना, जांभ्याच्या गडग्यालगत अनवाणी चालताना विंचू चावे. रुग्ण बहुधा धडधाकट असे. कधी शेतमजूर, कधी अंगणात खेळणारे मूल. थोड्याच वेळात उलट्या सुरू होत, अंग घामाने निथळे, तोंडातून लाळ गळे आणि हातपाय बर्फासारखे गार पडत. पुढे धाप लागे, खोकल्यातून गुलाबी फेस येई, आणि काही तासांत सारे संपे. फुप्फुसांत पाणी भरून हा मृत्यू येई. १९६१ साली मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नेमक्या याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. तरीही उपचारांची घडी फारशी बदलली नव्हती.

३/
प्रश्न साधा होता. एका दंशातले विष मिलिग्रॅमच्या हिशेबातले. एवढ्याशा विषाने तरण्याताठ्या माणसाचे हृदय कसे थकते? या प्रश्नाचे जे उत्तर पुढे मिळाले ते चमत्कारिक आहे. त्या रुग्णाला मारण्यात मोठा वाटा असतो तो त्याच्याच शरीरातून उसळलेल्या ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन या द्रव्यांचा. विंचू फक्त बांध फोडतो. हे समजून घ्यायचे तर बिरवाडी थोडा वेळ बाजूला ठेवून एका ग्रंथीच्या इतिहासात शिरावे लागते. त्या ग्रंथीचे काम काय, हेच जगाला जवळजवळ तीनशे वर्षे ठाऊक नव्हते.

४/
प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली, माणसात जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची ही अधिवृक्क ग्रंथी. रोममध्ये काम करणाऱ्या बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीररचनाशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. ते १५६४ साली छापून प्रसिद्ध झाले. वर्णन झाले, पण उपयोग कळेना. १७१६ साली फ्रान्समधील बोर्दो येथील अकादमीने या ग्रंथीचे कार्य सांगणाऱ्या निबंधासाठी चक्क स्पर्धा जाहीर केली. आलेल्या निबंधांचा अहवाल १७१८ साली वाचला तो माँतेस्क्यू यांनी. पुढे सत्ताविभाजनाच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध झालेले हेच ते. एकही निबंध पारितोषिकाच्या योग्यतेचा ठरला नाही. परीक्षकांनी अज्ञान इतके सरळ कबूल करावे, हे त्या काळातही विरळाच असावे.

५/
पहिला खरा धागा सापडला तो मृतांच्या शरीरात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अशा अकरा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, जे अशक्त होत गेले, ज्यांची त्वचा काळवंडत गेली आणि जे शेवटी दगावले. शवविच्छेदनात त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या. अनेकांत कारण क्षयाचे होते. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. प्राणी मेले. ग्रंथी जगण्यासाठी आवश्यक आहे एवढे नक्की झाले, पण ती करते काय, हे गूढच राहिले.

६/
त्याच १८५६ साली व्हल्पियां या फ्रेंच शास्त्रज्ञाला आणखी एक गोष्ट दिसली. ग्रंथीच्या आतल्या भागावर फेरिक क्लोराइड टाकले की तो हिरवट होतो. बाहेरच्या भागाचे तसे होत नाही. एकाच पिशवीत दोन वेगळ्या वस्तू होत्या तर. बाहेरचे ते बाह्यक, आतले ते मध्यक. दोघांची जन्मकथाही वेगळी आहे. बाह्यक गर्भाच्या मध्यस्तरातून घडते. मध्यकाच्या पेशी मात्र चेतासंस्थेच्या मुळाशी असलेल्या पेशींमधून निघून, प्रवास करत येऊन तिथे वस्तीला राहतात. म्हणजे मध्यक हा एका अर्थाने रक्तात उघडणारा मज्जातंतूच आहे.

७/
पुढचे पाऊल हॅरोगेट या इंग्लंडमधील गावच्या जॉर्ज ऑलिव्हर यांचे. हा माणूस कोणत्याही मोठ्या संस्थेत प्राध्यापक नव्हता. खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात दवाखाना चालवावा आणि हिवाळ्यात रुग्ण कमी झाले की स्वतः बनवलेल्या उपकरणांशी खेळावे, असा त्यांचा शिरस्ता. ग्रंथीच्या अर्काने रक्तवाहिनी आकसते असे त्यांना वाटले आणि ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एडवर्ड शेफर यांच्याकडे अर्काची कुपी घेऊन गेले. शेफर यांचा विश्वास बसेना. हेन्री डेल यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी, की हातातला प्रयोग संपल्यावर शेफर यांनी एकदाचा तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला आणि रक्तदाबमापकातला पारा चढतच गेला; नळीतून बाहेर पडतो की काय असे वाटण्याइतका. हे निष्कर्ष १८९४-९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

८/
अर्कातले ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे करण्यासाठी अनेक प्रयोगशाळांत चढाओढ लागली. १९००-०१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहायक केइझो उएनाका यांनी जनावरांच्या ग्रंथींमधून ते मिळवले. पार्क-डेव्हिस कंपनीने ‘ॲड्रेनलिन’ या नावाने बाजारात आणले. शुद्ध स्वरूपात हाती आलेले हे पहिले संप्रेरक. प्रत्यक्ष स्फटिक काढणारे हात उएनाकांचे होते. नाव ताकामिनेंचे झाले. विज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार घडते.

९/
हे द्रव्य शरीर स्वतःहून केव्हा सोडते? हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९११ साली एका मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. आधीचे रक्त आणि घाबरल्यानंतरचे, अधिवृक्क शिरेच्या तोंडाजवळून घेतलेले रक्त त्यांनी आतड्याच्या स्नायूच्या पट्टीवर तपासले. ॲड्रेनलिनने ही पट्टी सैल पडते. शांत मांजराच्या रक्ताने काही झाले नाही. भ्यालेल्या मांजराच्या रक्ताने पट्टी सैल पडली. लढा किंवा पळा, या दोन्हींसाठी शरीर एकाच तयारीने सज्ज होते, हा कॅनन यांचा विचार यातून उभा राहिला. आपल्याकडे संत एकनाथांनी भारुडात विंचवाला काम-क्रोधाचे रूपक केले आहे. क्रोध आणि विंचू यांची वाट शरीरात एकाच ग्रंथीपाशी येऊन मिळते, हे त्या रूपकाच्या बाहेरचे, पण मौजेचे.

१०/
ही तयारी कशी असते ते पाहावे, कारण पुढे बिरवाडीत हीच जीवघेणी ठरते. संकटाची जाणीव झाली की मेंदूकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतून थेट मध्यकात पोहोचतो. वाटेत दुसरा थांबा नाही, म्हणून सारे क्षणात घडते. मध्यकाच्या पेशी साठवलेले ॲड्रेनलिन आणि थोडे नॉरॲड्रेनलिन रक्तात ओततात. हृदय जोरात धडधडते, श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या मोठ्या होतात, यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडते. त्वचेच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आकसतात. ते रक्त स्नायूंकडे वळते. भीतीने हात गार पडतात ते यामुळेच. रक्तातले ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. हरिणाला बिबट्यापासून सुटायला तेवढा वेळ पुरतो. वाचले तर ते पुन्हा चरू लागते. ही सारी व्यवस्था थोड्या वेळासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे.

११/
बाह्यकाचे काम संथ आहे आणि त्याचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. ॲडिसन यांचे रुग्ण दगावत ते बाह्यकाच्या अभावी. मध्यकाशिवाय प्राणी जगू शकतो, बाह्यकाशिवाय नाही. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शरीरातले मीठ राखते. कॉर्टिसॉल उपासात साखर टिकवते आणि दाह आवरते. मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या हुकमाने ते स्रवते. उंदीर आणि पक्षी कॉर्टिसॉलऐवजी प्रामुख्याने कॉर्टिकोस्टेरॉन वापरतात. बाह्यकाच्या संप्रेरकांवरील कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले, आणि ‘स्टेरॉइड’ हा शब्द जगभरच्या दवाखान्यांत पोहोचला. हा शब्द पुढे बिरवाडीत पुन्हा भेटेल.

१२/
दोन वेगळ्या कुळांच्या ऊती एकत्र का नांदतात, याचे उत्तरही रोचक आहे. शार्कसारख्या माशांत त्या एकत्र नसतातच. एक इथे, एक तिथे. पक्ष्यांत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. सस्तन प्राण्यांत बाह्यकाने मध्यकाला चहूबाजूंनी वेढलेले असते, आणि बाह्यकातून कॉर्टिसॉलने भरलेले रक्त थेट मध्यकात उतरते. नॉरॲड्रेनलिनचे ॲड्रेनलिनमध्ये रूपांतर करणारे विकर या कॉर्टिसॉलच्या जोरावर तयार होते, हे वर्टमन आणि ॲक्सेलरॉड यांनी १९६० च्या दशकात दाखवले. शेजार नुसता योगायोगाचा नाही.

१३/
आता विंचू. त्याच्या विषातली प्रथिने मज्जातंतूंवरील सोडियमची दारे लवकर मिटू देत नाहीत. काही प्रथिने पोटॅशियमची दारे अडवतात. याच लाल विंचवाच्या विषातले आयबेरिओटॉक्सिन हे द्रव्य आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमच्या दारांचा अभ्यास करायला वापरतात. परिणाम असा, की मज्जातंतू थांबत नाहीत. आधी उलट्या, लाळ, घाम. मग अनुकंपी मज्जातंतूंची टोके आणि अधिवृक्क मध्यक आपला साठा रिता करत सुटतात. समोर ना बिबट्या, ना भुंकणारा कुत्रा. तरी शरीर जिवाच्या आकांताने लढण्याच्या तयारीत. दोन मिनिटांची व्यवस्था तासन् तास चालू राहते.

१४/
रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या अरुंद वाटांतून रक्त ढकलावे लागते. शिवाय अतिरिक्त ॲड्रेनलिन हृदयाच्या स्नायूला इजा करते. थकलेले हृदय रक्त पुढे नेऊ शकत नाही. ते मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी झिरपते. गुलाबी फेस तो हाच. इस्रायलमधील बीरशेबा येथे मोशे गुएरोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या विंचवाच्या रुग्णांत या द्रव्यांचा उद्रेक आणि हृदयाची इजा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदवली होती. मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवर प्रयोग करून याच वादळात इन्शुलिनची क्रिया कशी दडपली जाते ते अभ्यासले.

१५/
बिरवाडीत प्रयोगशाळा नव्हती. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या. कोणत्या लक्षणानंतर काय होते, किती तासांनी होते, याचा क्रम त्यांनी लावला. उलट्या, भरपूर घाम, लाळ, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा आणि गार हातपाय ही पुढे येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून आणखी एक उलटी गोष्ट पुढे आली. दंशाच्या जागी जो असह्य वेदनेने तळमळतो, तो बहुधा वाचतो. जो वेदनेची फारशी तक्रार करत नाही, पण घामाने भिजून गार पडला आहे, त्याची काळजी करावी.

१६/
‘विंचू उतरवणाऱ्या’ मांत्रिकांची कीर्ती यामुळेच टिकली असावी. बहुतेक दंश फक्त वेदनेचे. ती वेदना दिवसभरात ओसरतेच. मंत्र म्हटला तरी ओसरते, न म्हटला तरी. ज्याच्या शरीरात वादळ उठले आहे, त्याचे मात्र मंत्र ऐकण्यात गेलेले तास परत येत नाहीत. पण दोष एकट्या मांत्रिकाचा धरणे अन्यायाचे होईल, कारण दवाखान्यातला त्या काळचा उपचारही फारसा शहाणा नव्हता.

१७/
विंचुदंशावर तेव्हा स्टेरॉइड, ॲट्रोपिन, ॲलर्जीविरोधी औषधे देत. ॲट्रोपिनने घाम आणि लाळ आटते, हे खरे. पण आधीच धावणारे हृदय आणखी धावते. स्टेरॉइड म्हणजे बाह्यकाच्या संप्रेरकाचा भाऊबंद. ॲड्रेनलिनमुळे हृदयाच्या स्नायूला होणारी इजा त्याने वाढते, अशी बावस्करांची ठाम मांडणी होती. मध्यकाच्या उद्रेकावर बाह्यकाचे तेल ओतले जात होते, आणि तेही सद्हेतूने.

१८/
उत्तर कुठे होते? १९४८ साली अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडले होते की ॲड्रेनलिन दोन प्रकारच्या ग्राहींवर काम करते, अल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्या आवळण्याचे काम अल्फा ग्राहींमार्फत होते. हे ग्राही अडवले, तर ॲड्रेनलिन रक्तात असूनही वाहिन्या आवळू शकणार नाही. पुण्यात एम.डी. करून पुन्हा महाड परिसरात परतलेल्या बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. त्याने वाहिन्या उघडतात, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहावा लागतो. एका डॉक्टरच्या ग्रामीण दवाखान्यात रात्रीच्या वेळी हे किती जणांना जमावे?

१९/
मग त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. उच्च रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात बाजारात आलेली ही गोळी अल्फा ग्राही नेमके अडवते. १९८४ पासून त्यांनी ती नियमित वापरली आणि १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. गोळी तोंडाने घ्यायची. ना पंप, ना अतिदक्षता विभाग. पथ्य एवढेच की रुग्णाला आडवे ठेवायचे, कारण एकदम उठवले तर रक्तदाब कोसळतो. मुलाला आईने मायेने उचलून घ्यायचेही नाही. वाहिन्या उघडल्या की हातपाय पुन्हा गरम होतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, तळहात पुरतो.

२०/
बावस्कर दांपत्याच्या प्रसिद्ध नोंदींनुसार प्राझोसिनपूर्व काळात, म्हणजे १९६१ ते १९८३ दरम्यान, पश्चिम भारतातून फुप्फुसांत पाणी भरून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २५ ते ३० टक्के नोंदवले जात होते. प्राझोसिननंतर ते एक टक्क्याच्या खाली आले. रायगडमधले बिरवाडी असो की नंदुरबारमधले धानोरा, रात्री विंचू चावला की खरा प्रश्न असतो तो जवळच्या आरोग्य केंद्रात काय आहे हा. गोळी तिथे पोहोचू शकते. या शोधाचे मोल मोजताना नुसते औषधशास्त्र पाहून भागणार नाही. तो कुठे वापरता येतो हेही पाहावे लागते.

२१/
वाद मात्र संपला नव्हता. विषावर उतारा म्हणून प्रतिविष द्यावे की नाही? १९९९ साली ट्युनिशियातील ८२५ रुग्णांच्या चाचणीत प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. तर्क कळण्याजोगा आहे. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. आधीच सांडलेले ॲड्रेनलिन ते परत भरू शकत नाही. उलट बाजूने, प्राझोसिन वाहिन्या उघडते, पण विषाला हात लावत नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाविरुद्ध प्रतिविष तयार होऊ लागल्यावर महाडमध्येच याची परीक्षा झाली.

२२/
७० गंभीर रुग्ण, दोन गट. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले: दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, फक्त प्राझोसिन घेतलेल्यांना सरासरी १७.७ तास लागले. मुंडले यांनी ज्या नियतकालिकात कोकणातल्या या मृत्यूंकडे लक्ष वेधले होते, त्याच नियतकालिकात पन्नास वर्षांनी हा निकाल छापला गेला. २०२२ साली हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

२३/
एक शेवटची नोंद. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते, त्यामुळे ते टोचताना जीवघेण्या ॲलर्जीची भीती असते. म्हणून शेजारी ॲड्रेनलिनची कुपी तयार ठेवतात. सर्पदंशाच्या रुग्णांत ती अनेकदा फोडावी लागते. विंचुदंशाच्या रुग्णांत अशी ॲलर्जी कमी दिसते, आणि त्याचे कारण असे दिले जाते की त्यांच्या रक्तात ॲड्रेनलिन आधीच ओतप्रोत भरलेले असते.